जोडीनं

वादी कबीरमध्ये, मोईदूच्या गॅरेजसमोर
जॅकवर चढलीय माझी सनी, दोन हजार चारची.
पुढची चाकं काढलेली,
दवाखान्यात चपला बाहेर ठेवून बसलेल्या बाईसारखी.

सकाळचे साडेसात, आणि उन्हातला पाना
आत्ताच फडक्याशिवाय धरवत नाही.

लोअर आर्मचा बुश तो माझ्या तळहातावर ठेवतो:
काळं रबर, खजुराची बी मावेल एवढी चीर.
"हाच वाजत होता. सहा महिने?"
मी म्हणतो, वर्ष असेल.
खरं तर दोन.

मग शॉक काढून दाबून बघतो.
डावा खाली गेला की खालीच.
उजवा मात्र हळूहळू वर येतो, जवळजवळ नवा.
"डावी बाजू बसलीय," मोईदू म्हणतो,
"उजवीकडे कोणी बसत नाही का?"

मुलीच्या अकरावीसाठी नलू कुडाळला गेली.
मुलगी आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला.

मी पाकीट चाचपतो.
उजवा राहू दे, डावाच बदल.
तो मनगटानं घाम पुसतो, कपाळाला ग्रीस लागतं.
"एकटा नाही बदलत, सेठ. जोडीनंच."

अठ्ठेचाळीस रियाल. चहा त्याच्याकडून.
तो चांगला उजवा मी जुन्या शर्टात गुंडाळून
डिकीत ठेवतो.
का, ते मोईदूनं विचारलं नाही.

घुब्र्याला, बिल्डिंगच्या अलीकडे, हंप आहे.
गाडी आज चकार शब्द काढत नाही.
इथं नलू वरचं हँडल धरून म्हणायची,
हळू.

आज मीच म्हणालो.