फळीची रेघ

सिएटलच्या हायवेवर आडवी टाकलेली ही बाग.
"जगात नाव आहे हिचं," मी मामंजींना सांगते.
ते मान डोलावतात, थंडीनं नाक ओढतात.

काँक्रीटचे चौकोन, त्यांवरून उड्या टाकणारं पाणी,
खालच्या गाड्यांचा आवाज
गिळत राहणारं.
मी फोटोसाठी "इकडे बघा" म्हणते,
तर हे भिंतीकडे तोंड करून उभे.

हातमोजा काढून तळवा फिरवतात,
चाळीस वर्षं इचलकरंजीत सेंटरिंग ठोकलेला तळवा.
"फळ्या उभ्या लावल्यात. ही बघ गाठ.
रंधा मारलाच न्हाई, मुद्दाम."
मग कोपऱ्याशी गुडघा टेकून,
"अन् हितं फळी सरकली गड्याची.
घाईत असणार. डब्याची वेळ."

मी पाटी वाचते. आखणाऱ्याचं नाव आहे, सालही.
फळ्या कधीच जळून गेल्या असतील
कुणाच्या तरी शेकोटीत.
त्यांच्या शिरा तेवढ्या इथं,
पाण्याच्या तुषारांनी ओल्या.

निघताना मोजा सापडत नाही.
मी बाकाखाली वाकते, पायऱ्यांवर शोधते.
"ऱ्हाऊ दे गं," म्हणतात,
आणि उघडी मूठ मिटून
खिशात घालतात,
बागेतलं काही उचलून आणल्यासारखी.