अठरा मायक्रोअँपिअर

सावद्याच्या नेहेत्यांनी डबी परत आणली,
केळीच्या पानात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीतून.
"चार दिवसात सेल बसते वं ताई,
अन बंद कराले दर खेपी वायर उपटा लागते.
एखांदं बटन बसाड ना त्याले."

डबी साबणाची. आत एक चिप
आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल.
केळी पिकवायच्या खोलीत टांगायची ती,
दर पंधरा मिनिटांनी बघायला,
अठरा अंश आहे का नाही, एवढंच.
दोन सेकंदांचं काम.
उरलेली चौदा मिनिटं अठ्ठावन्न सेकंदं
ती नुसती जागी.
का, तर मीच लिहून ठेवलेलं: थांब.
थांबणं आणि झोपणं यातला फरक
मी तिला शिकवलाच नव्हता.

भुसावळात मे महिना. रात्री अकरालाही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
मल्टीमीटर सेलच्या वाटेत घातला.
जागी: वीस मिलि.
झोप म्हटलं: सहा.
सहा म्हणजे झोप नव्हे, डोळे मिटून पडणं.
शोधलं तर तो तांबडा दिवा,
कारखान्यातूनच बसवून आलेला,
कुणी बघत नसताना जळणारा.
सोल्डर वितळवून चिमट्यात उचलला, मोहरीएवढा.
सेन्सरला आता बारे दिल्यासारखी वीज:
पाटाचं दार उघडायचं, दोन सेकंदांत लावायचं.

काटा नाही, आकडे. ते उतरत गेले. अठरा.
मिलि नाही, मायक्रो.

बटनाने वेगळाच छळ मांडला.
एकदा दाबलं की चिप म्हणे, सातदा दाबलं.
पत्रा पत्र्यावर आपटून थरथरतो,
आपल्याला दिसत नाही, तिला दिसतं,
ती इमानदारीत सगळं मोजते.
पन्नास मिलिसेकंद काही ऐकू नकोस, असं लिहिलं.
टिचकी मारली तर जाग. दोन सेकंद धरलं तर बंद.

आणि उठली की तिला काही आठवत नाही.
पहिल्या ओळीपासून सुरू.
एका कोपऱ्यातले चार-दोन आकडे तेवढे शाबूत.

अण्णा असेच उठायचे.
सत्तावीस वर्षं यार्डातली केबिन, रात्रपाळी,
दिवसा खिडकीला वाळ्याचा पडदा.
मालगाड्यांचे भोंगे चालायचे त्यांना,
शेजारची पिठाची गिरणी चालायची,
आई उजव्या पायाचा अंगठा धरायची तेव्हाच उठायचे.
डाव्याला नाही. आम्ही करून पाहिलं होतं.
उठून पहिला प्रश्न: "आज कोन्ती डूटी?"
मग खिशातली चिठ्ठी वाचायची,
मग आम्ही कोण ते आठवायचं.

आता त्यांना झोप नाही.
स्टूल घेऊन माझ्या टेबलाशी.
"झोपेत किती खाते हे?"
"काहीच नाही अण्णा. दोन वर्षं जाईल."
त्यांनी स्वतः बटन दाबलं.
डबीकडे बघत राहिले. डबी साबणाची डबी.
"दिवा काढला तू. मंग जागी झाली, हे समजाचं कसं?"

मी म्हटलं, आकडे येतात की मोबाईलवर.

"केबिनीत दांडा ओढला का रिपीटर पाहाचा.
सिग्नल तिकडं दूर, वळनाच्या मांगं.
पडलं का नई, हे दिसल्याबिगर
गाडी सोडाची नई."

मोहरी अजून चिमट्याजवळच होती.
पुन्हा लावली, दुसऱ्या पिनवर,
नेहमी जळायला नाही.
जाग आली की एकदा, उघडझाप.

पावणेतीनला अण्णा घड्याळ धरून बसले.
तीनला लुकलुकली.
"आली," म्हणाले, एखादी पॅसेंजर आल्यागत.
सव्वातीनलाही "आली".
साडेतीनला लुकलुकली तेव्हा
कुणी काही म्हणालं नाही.
हनुवटी छातीवर, घड्याळ मुठीत,
चपलेतून बाहेर आलेला उजवा अंगठा.

सेलची तार मी हळूच गुंडाळली.
अंगठ्याला हात लावला नाही.