रिव्हिजन चार

रेकॉर्ड रूमची किल्ली मार्चअखेरीस माझ्या हातात आली,
सुतळीला बांधलेली, आणि सुतळीला
कोणाच्या तरी डब्यातल्या तेलाचा वास.
गोहोकार साहेब म्हणाले, आठ महिन्यांत सगळं संगणकात.
सगळं म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

चौदा कपाटं. दोन उघडतच नव्हती.
एका फायलीवर लिहिलेलं "इतर",
शेजारी "इतर २",
आणि खालच्या फळीवर, जाडजूड, "महत्त्वाचे इतर".
कोरपन्याच्या रस्त्यावरचा सिमेंटचा कारखाना;
धूळ इथं कागदात अशी मुरते
की पान उलटताना पीठ चाळल्यासारखं वाटतं.
एका सालचं अख्खं खरेदीखातं
उधईनं वाचून संपवलं होतं,
समासासकट.

मी नंबर देत गेले.
एकाच पंपाला चार नावं सापडली.
खरेदीत तो पी-११७, भांडारात "निळा पंप",
देखभालीच्या वहीत "कॅन्टीनमागचा",
आणि कामगारांत नुसताच म्हातारा.
चौघांचे सुटे भाग वेगवेगळे मागवलेले,
चार ठिकाणी गंजत पडलेले.

म्हाताऱ्याचे नकाशे तीन निघाले.
रिव्हिजन एक: झडप डावीकडे.
रिव्हिजन दोन: झडप उजवीकडे.
रिव्हिजन तीनवर चहाच्या कपाचा गोल डाग,
नेमका झडपेवर.
तिन्हींवर सही. तिन्हींवर शिक्का: अंतिम.

मे महिन्याच्या दुपारी, शेचाळीस डिग्रीत,
तोंडाला ओढणी गुंडाळून मी पंपाशी गेले.
झडप होती.
खाली, जमिनीत, लोखंडी झाकणाच्या आत.

"तीनही खोटे नाहीत जी," लटारी सिडाम म्हणाला,
ठेकेदाराचा फिटर;
सव्वीस वर्षांत ठेकेदार सात, फिटर तोच.
"त्या त्या टायमाले बरोबरच होते.
पूर आला त्या साली मीनंच खाली घेतली, रातच्याला.
काढला होता ना नकाशा,
तठी, भिंतीवर, खडूनं."

भिंत पांढरीशुभ्र.
मागच्या ऑडिटआधी रंगवलेली,
वर सुबक अक्षरांत:
माहिती हीच संपत्ती.

मला हसू आलं, मग राहिलं नाही.
गेल्या पावसाळ्यात एक नवा पोरगा
रिव्हिजन दोन हातात धरून
उजवीकडे झडप शोधत होता,
तोवर पंपघरात छातीइतकं पाणी.
वाचला. अहवालात लिहिलंय: मानवी चूक.
अहवाल "इतर २" मध्ये आहे.

रजेचा कोरा अर्ज उलटा करून मी पेन्सिल दिली.
लटारीनं हात पँटला पुसले,
बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.
मग तेंदूपानाच्या पुडक्याला दोर ओढावा
तशी एक रेघ ओढली, ताठ.
कोपर. झडप. झाकण.
झाकणापासून कडुलिंब: सात पावलं.
"पावलं कोणाची?"
"माहीच. आनखी कोनाची?"
आम्ही टेप लावून मोजलं.
लटारीचं एक पाऊल, सत्तर सेंटिमीटर.

रात्री नोंद भरताना संगणक अडला.
"तयार करणारा" या रकान्यात
फक्त कर्मचारी क्रमांक चालतो,
आणि ठेक्यावरच्या माणसाला क्रमांक नसतो,
गेटपास असतो, दर तीन महिन्यांनी नवा.
माझा क्रमांक टाकला असता
तर हिरवी टिक लगेच आली असती.
टाकला नाही.
पुण्याच्या कंपनीला लिहिलं, रकाना बदला.
उत्तर आलं: आपली विनंती नोंदवली आहे.

तोवर रिव्हिजन चार माझ्या ड्रॉवरमध्ये, घडी घालून.
पाठीमागे छापलेलं:
महोदय, मला … दिवसांची रजा मिळावी.
आणि पंपाजवळच्या त्या भिंतीवर,
"हीच" आणि "संपत्ती" यांच्या मधल्या फटीत,
कोणीतरी खडूनं बारीकसा बाण काढलाय,
खाली जाणारा.