आवक-जावक

धायरी फाट्याच्या आत, गेट नंबर दोन, रात्रपाळी.
वहीत मी गाड्या लिहितो :
नंबर, वेळ, कुणाकडे, सही.
एका रात्री रिकाम्या रकान्यात लिहून गेलो,
१.१० खारी, खाजवणे.
१.४५ खारी, खाजवणे, शेपटीच्या मुळाशी.
२.३० तेच.
पुढे लिहिलं नाही. केबिनच्या पत्र्यावर
तिचा मागचा पाय वाजत राहिला उजाडेपर्यंत.

सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबर सल्ले आले.
कुणी कडुलिंब, कुणी ताक.
केंजळे सेक्रेटरी म्हणाले, फिनेल टाका,
नाहीतर तिलाच बाहेर टाका,
दोन्ही एकाच आवाजात.
तिच्या पाठीवरची केस गेलेली जागा
रुपयाएवढी होती, पुरीएवढी झाली.
हात ठेवला तर कातडी गरम,
आणि पाय हवेतच हलायला लागायचा.

बी सातशे चारची रेवा ढमढेरे, जनावरांची डॉक्टर,
स्कूटर स्टँडला लावून तशीच फरशीवर बसली.
पांढरा कागद मागितला.
वहीचं पान फाडायचं नसतं. फाडलं.
तिने उलटी फणी फिरवली शेपटीजवळ,
पानावर मिरपुडीसारखं काहीतरी पडलं.
माती असेल, मी म्हणालो.
तिने बाटलीतलं पाणी शिंपडलं, आणि थांबली.
एकेक कण कडेने तांबूस होत गेला,
'कुणाकडे'च्या रकान्यात पसरला.
पिसवांनी पिऊन टाकलेलं खारीचंच रक्त.

"हिला लाळ सोसत नाही त्यांची.
एक पिसू चावली तरी पुरे."
गोळी दिली, महिन्याला एक,
नावाला जागून खारीतच दाबून घातली.
"आणि ही झोपते कुठे?"
मी माझ्या पोत्याकडे बघितलं.
पोतं, घोंगडी, खुर्चीवरची उशी,
सगळं आमचं दोघांचं.

पंपाजवळच्या चुलीवर पिंप चढवलं, सगळं उकळलं,
गेटवरच वाळत घातलं.
केंजळ्यांची गाडी आली, हॉर्न वाजला,
मी उशी बाजूला करून सलाम केला.
मोज्यांच्या आत माझ्याही घोट्यांवर
लाल ठिपक्यांची रांग होती महिनाभर.
मी बुटांना दोष देत होतो.

काल रात्री पुन्हा वही उघडली.
१.१० काही नाही.
१.४५ काही नाही.
२.३० खारीचा पाय हलतोय.
टॉर्च मारून पाहिलं :
झोपेतच पळतेय, कान मागे पाडून.
कुणाकडे,
विचारलं नाही.