दोन टाके मोकळे

शाळेच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला:
शुक्रवारी हॅलोविन, मुलांनी भीतीदायक होऊन यावं.
प्राप्ती म्हणाली, आई, मी बुजगावणं.
मेन रोडला मुखवटा साडेतीनशेला,
रबराचा, आत घाम, वर रंगवलेलं रक्त.
बुजगावण्याला कुठलं आलंय रक्त.

मी दिंडोरी रोडच्या यार्डात बारदान शिवते.
उंदरांनी कुरतडलेली, हमालांच्या आकड्यांनी उसवलेली पोती,
दिवसाला शंभर-सव्वाशे.
दगू मुकादमाला म्हटलं, एक नेऊ का घरी?
फाटकं ने, म्हणाला.
फाटकंच हवंय, डोळ्यांची भोकं आयती मिळतील.
तो हसला
आणि त्यानं चांगलं काढून दिलं.

रात्री गरम पाण्यात भिजवलं.
बादलीभर कोरा चहा झाला
आणि तळाशी हरभऱ्याचे सात दाणे, एक खिळा,
कुठल्या तरी गावची माती.
पोतं गॅलरीत वाळलं
माझा परकर आणि तिचा गणवेश यांच्या मधोमध.

सुतळीनं तिच्या डोक्याचं माप घेतलं.
मागच्या वेळी कधी घेतलं होतं, आठवेना.
टोपडं शिवताना असेल.
ताग टोचतो म्हणून आतून जुन्या परकराचं अस्तर,
धागे निसटू नयेत म्हणून डोळ्यांच्या कडेला फेविकॉल,
एक डोळा मोठा झाला, राहू दे म्हणाली.
नाकात चिंध्या कोंबल्या.
केसांना भाताचा पेंढा,
तो पेठच्या गाडीतून सोनकी भोयेनं आणला.
कपाळावर नेमका छाप आला:
निव्वळ वजन ५० किलो.
तोही राहू दे.

सोनकी मुखवटा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.
आमच्याकडं बोहाड्याला, म्हणाली,
पूजा केल्याबिगर कुणी तोंडाला लावत नाही.
मग तिनं तो आपल्या कपाळाला टेकवला
आणि जर्द्याची पुडी उघडली.

राहिलं तोंड.
दाभणात सुतळी ओवली
आणि हात आपला आपण चालू झाला,
एकोणीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवतोय,
टाक्याला टाका, ओढ, गाठ, कच्चकन तोड.
एक दाणा बाहेर पडणार नाही असं.
प्राप्तीनं बोट ठेवलं त्यावर.
आई, हिला बोलायचं असलं तर?

बुजगावणं बोलत नाही गं.
आमच्या शेतातलं तर नुसतं मडकं होतं,
चुन्याचे डोळे, बाबांचा सदरा.
पाखरं त्याच्या खांद्यावर बसून खायची.
म्हणजे ते घाबरवायचंच नाही?
नाही बहुतेक.
उभं मात्र राहायचं.

उसवले. दोन टाके, मधले.

ती झोपल्यावर घालून बघितला.
आत सगळं यार्ड होतं. धूळ, गोदाम, गूळ, कीटकनाशक.
लहानमोठ्या डोळ्यांतून
माझीच ओट्यावरची भांडी दिसली
कुणा दुसऱ्या बाईची असावीत तशी.
त्या फटीतून मी हळूच काहीतरी म्हटलं.
काय म्हटलं ते सांगत नाही.

शुक्रवारी पाच कवट्या होत्या, तीन चेटकिणी,
दातवाले तर मोजलेच नाहीत म्हणे.
तू कोण, असं सगळ्यांनी विचारलं.
पहिलीतला एक जण रडला,
तर हिनं मुखवटा वर करून दाखवला:
मी आहे रे, दुसरी ब.
चॉकलेट त्या फटीतून आत गेलं,
त्याचा डाग आहे अजून ओठावर.
नंबर नाही आला.

सोमवारी यार्डात गव्हाची गाडी लागली.
शिवून दिलेलं पोतं हमालानं पाठीवर घेतलं
आणि त्याच्या मागं, काट्यापासून गाळ्यापर्यंत,
गव्हाची बारीक रेघ.
दगू मुकादम धावत आला.
बाई, लक्ष कुठंय?
बघितलं तर मधले दोन टाके मोकळे.

चिमण्या आधीच उतरल्या होत्या.