दोन भूतकाळ

वान सरोवराच्या उत्तरेला, ओढ्यावरच्या लोखंडी पुलावर
शाहेंदे बाईंनी मला मासे मोजायला बसवलं.
तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई.
खिशात सूर्यफुलाच्या भाजक्या बिया, गळ्यात थर्मामीटर,
आणि वहीत कुणी 'बहुधा' लिहिलं
की जागच्या जागी उपटणार, तणासारखं.

सरोवराचं पाणी सोड्याचं, हाताला साबणासारखं बुळबुळीत.
मासे त्यातच वाढतात,
पण अंडी घालायला गोडं पाणी लागतं,
म्हणून मे महिन्यात प्रवाहाविरुद्ध
उड्या मारत वर येतात.
यंदा आले नव्हते.

मी लिहिलं: 'पाणी गार, म्हणून मासे खाली थांबलेत.'
बाईंनी वाचलं. बीचं टरफल थुंकलं.
"थांबलेले पाहिलेस?"
"नाही."
"मग काय पाहिलंस?"
पाणी. नऊ अंश. पुलाखाली मासे शून्य.
"एवढंच लिही. ते 'म्हणून' तुझ्या घरचं आहे,
ओढ्याचं नाही."

मग त्यांनी मला त्यांच्या भाषेतले दोन भूतकाळ सांगितले.
गेल्दी: आला, माझ्या डोळ्यांदेखत आला.
गेल्मिश: आला म्हणे, आला असावा,
दारात बूट दिसतायत, माणूस दिसत नाही.

माझ्या मराठी कानाला दोन्हींत 'गेला'च ऐकू यायचं.
आठवडाभर मी येणाऱ्यांना निरोप देत होते.
ऐकलं ते बरोबर होतं;
त्यावरून जे धरून चालले, ते नव्हतं.

रात्री आईचा फोन: "दमली असशील."
एका 'असशील'मध्ये केवढा तर्क,
आणि पुरावा? माझा एक श्वास.
मी म्हटलं, "छे गं."
तेही तपासून न पाहताच.

बाई तर्काच्या वैरी नव्हत्या, हे मला उशिरा कळलं.
वहीचं उजवं पान त्यांनी पेन्सिलीसाठी मोकळं ठेवलं होतं.
"इथे हवं तेवढं गेल्मिश लिही.
फक्त असं लिही, की ओढ्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे."
मी लिहिलं: पाणी तेरा अंशांवर गेलं की मासे येतील.

मंगळवारी तेरा. मासे शून्य.
बुधवारी साडेतेरा. शून्य. एक पाणसाप, एक प्लास्टिकची चप्पल.
गुरुवारी चौदा.
माझं तोंड उतरलं; बाईंनी खुशीत चहा सांगितला,
साखरेचे दोन्ही खडे माझ्याकडे सरकवले:
"ओढा बोलला तुझ्याशी. सगळ्यांशी बोलत नाही."
पेन्सिलीची ओळ मात्र खोडू दिली नाही.
तिच्याखाली तारीख घालून
'नाही' लिहायला लावलं, शाईने.

शुक्रवारी पहाटे रोजहात मेंढ्या सोडून धावत आला.
रात्री मासे आले, असं ओरडत आला.
बाईंनी माझा दंड धरला: "शेवट ऐकलास?"
गेल्मिशलेर, म्हणाला होता तो.
त्यानेही पाहिले नव्हते.
एवढ्या धापेत, एवढ्या आनंदात
दहा वर्षांचं ते पोर
व्याकरणाशी खोटं बोललं नव्हतं.

पुलाखाली पाणी रिकामंच वाहत होतं.
वरच्या खडकांवर पोटं जड झालेल्या कुरव पक्ष्यांची रांग—
नाही. नुसती रांग. एकवीस.
मी वाकले. डावं पान उघडलं.
बारा अंश. दगडावर खवले, सात. ओले.
एक माझ्या अंगठ्याला चिकटला.

"लिही ना, आले म्हणून!" रोजहात उड्या मारत होता.
उजवं पान वाऱ्यावर फडफडत होतं.
पेन्सिल बाईंच्या कानामागे,
आणि बाई पाण्याकडे बघत उभ्या,
मी ती मागायची
वाट पाहत असाव्यात.