पेटीतला बावटा

महापालिकेच्या दप्तरखान्यात
वाळवीचं औषध मारायला गेलेल्या पोरांना
एक पत्र्याची पेटी घावली.
वर घरपट्टीच्या पावत्या,
खाली घडी घातलेला गोऱ्यांचा बावटा.
घडी इतकी नेटकी,
जणू कुणी उद्या येऊन परत उघडणार होतं.

सोमवारी सभा.
बोमड्याल म्हणाले, काचेत लावा, दारासमोर,
पोरांना कळू दे आपण कशाखाली होतो.
सुरवसे उठले:
आपला झेंडा चढवला म्हणून ज्या गावावर
लष्कर बसवलं, त्या गावाच्या कचेरीत हा?
माझ्या मढ्यावरनं न्या.
मागच्या बाकावरनं कुणीतरी:
मढं जड आहे, दुसरी वाट बघा.
हशा. मग माईक बंद. मग एक चप्पल.
एक बाई मध्येच उभी राहिली,
नळाला पाणी पाच दिवसाआड येतंय, त्याचं काय?
ते वाक्य कामकाजातून काढून टाकलं.

ठरलं एवढंच की आधी डागडुजी,
लावायचा की जाळायचा ते नंतर.
म्हणून पेटी साखर पेठेत आली, रिक्षानं,
मौला शिपाई मांडीवर घेऊन.
तीन ठिकाणी माझी सही.

मी रफू करते.
शालू, साहेबांचे कोट, लग्नात जळालेली उपरणी.
पीराची चादर केली आहे, देवीचं निशाण केलं आहे.
दोघांनीही पैसे उशिरा दिले.
बावटा पहिल्यांदाच.

उंदरांनी निळा खाल्ला होता,
लाल सोडला होता. का, ते उंदीर जाणे.
बोटात धरला आणि कळलं,
विलायतेचा असता तर लोकरीचा असता,
हे तर सूत. जाडंभरडं, आपलं,
भोंग्यावर उठणाऱ्या हातांनी काढलेलं.
म्हणजे त्यांचा बावटा
आमच्याच कुणीतरी विणला, रंगवला, शिवला,
आणि मजुरी घेतली असणार.
घेतली असेल तर बरंच आहे.

माझ्या सासऱ्यांच्या बापाला
त्या दिवसांत पांढऱ्या टोपीपायी फटके पडले.
किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
पुढे कुठल्याही फोटोत ते बोडके,
स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दोरीपाशी हात गेला.
वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असते,
तिच्यात दोर अडकवून बावटा वर जातो.
इथं गुल्ली खालच्या टोकाला शिवलेली.
श्रीकांतनं मोबाईलवर चित्र काढून दाखवलं,
जाड पांढरी पट्टी काठीशी वर हवी.
हा बावटा जितक्या वेळा चढला असेल
तितक्या वेळा उलटा चढला असेल,
खाली बँड, सलाम,
आणि कुणाच्या लक्षात नाही.
श्रीकांत म्हणाला, उलटा म्हणजे
बुडतोय, वाचवा, असं जहाजवाले म्हणायचे.

शिंप्याची चूक असेल.
घाईत असेल, डोळे गेले असतील.
टाके मात्र घाईतले नाहीत,
दुहेरी दोरा, वर मेण,
शेवटी चपटी गाठ, दातानं तोडलेली.
अशी गाठ अर्धं सोलापूर मारतं.
मी पण मारते.

आदेशात लिहिलं आहे: मूळ स्थितीत आणावा.
मी निळा भरून काढला,
चौदा दिवस, खिडकीपाशी बसून.
मौला दोनदा येऊन गेला,
काय करालालाव मावशी, साहेब विचारालालेत.
शेवटी बिल पाठवलं.
रफू, सात ठिकाणी. धागा वेगळा.
गुल्ली: होती तशी ठेवली.

काल बिल परत आलं.
कडेला लाल शाईत शेरा,
गुल्ली म्हणजे काय? खुलासा करावा.

कागद शिलाई मशीनवर आहे,
वर कात्री ठेवली आहे, पंख्यानं उडू नये म्हणून.
खुलासा अजून लिहिलेला नाही.